पलीकडच्या रस्त्याला हेड सापडेना

सरकारचा पैसा गावात कसा येतो, हे मला अजून समजलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं माझ्याकडून शहाणपणाची आशा ठेवायला नको. एकोणतीस वर्षं मी ग्रामपंचायतीत शिपाई होते. कुलूप मी उघडायचे, कुलूप मीच लावायचे. मुंबईहून निघालेला प्रत्येक कागद शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडायचा, कारण ऑफिसात टेबल एकच होतं आणि ते पुसायचं काम माझं होतं. तरीपण नाही समजलं.

आमचं गाव सेलू तालुक्यात, वालूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. नाव लिहीत नाही. गावातली माणसं हा अंक वाचतात आणि मला अजून तिथंच राहायचं आहे.

माझे मालक वारल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं वाचन मी ऑफिसातल्या परिपत्रकांवर शिकले. त्यामुळं माझं उलटंच झालं. लोक आधी कमळ, बदक शिकतात. मी आधी 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'प्रशासकीय मान्यता' शिकले. सुनेच्या माहेरी पत्र लिहिलं तेव्हा सुद्धा खाली 'आपल्या माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव सविनय सादर' असं लिहून बसले. व्याही अजून चिडवतात.

शिपायाचं काम काय, तर झाडून काढणं, चहा, नळपट्टीच्या नोटिसा घरोघर देणं, ग्रामसभेची हाळी देणं, सभेत सह्या आणि अंगठे घेणं, आणि कागदाची पिशवी काखेत मारून सेलूला पंचायत समितीत जाणं. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं. कागद पोस्टानं जातो, मोबाइलवरून जातो, सगळं खरं. पण माणूस समोर उभा राहिल्याशिवाय तो पुढच्या टेबलावर सरकत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आता तो पैसा. मला जेवढं उमगलं तेवढं सांगते. गिरणीत दळण टाकायला आपण डबे नेतो ना, प्रत्येकाच्या डब्यावर नाव असतं. ज्वारीच्या डब्यात ज्वारीचंच पीठ परत येणार. तुमच्या घरी पाहुणे आले, पुरण घालायचं आहे, म्हणून गिरणीवाला शेजारणीच्या गव्हाचं पीठ तुम्हाला देणार नाही. सरकारचं तसंच. मुंबईत बजेट होतं, तिथून पैसा परभणीला जिल्हा परिषदेत, तिथून सेलूला, तिथून गावात. पण निघतानाच त्याच्या डब्यावर नाव टाकलेलं असतं. त्या नावाला आमच्या ऑफिसात 'हेड' म्हणायचे. पाण्याचा पैसा पाण्याला, गटारीचा गटारीला. एकदा गावात पाण्याची बोंब होती आणि हेड आलं व्यायामाचं. मारुतीच्या पाराजवळ लोखंडाचे झोके, चाकं, दांड्या रोवून गेले. आमच्या बाया तिथं व्यायाम करतात, नाही म्हणत नाही. चैतात त्या दांड्यांवर गोधड्या वाळायला टाकतात, तेवढाच हात वर होतो.

हे हसण्यावारी झालं. एक गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडं रीत अशी की ज्याचं वावर असेल त्याचं दहन त्याच्याच वावरात. बाप जिथं जळाला त्याच्या शेजारी पोरगा. ज्याला वावर नाही त्याला गावाची स्मशानभूमी. आणि ती ओढ्याच्या पलीकडं, गायरानाच्या टोकाला. म्हणजे बघा, ग्रामसभेत ज्यांचा आवाज मोठा, त्यांना स्मशान लागतच नाही. ज्यांना लागतं ते सभेला येत नाहीत, कारण त्या दिवशीची मजुरी बुडते.

चांगुणाआक्का मात्र यायची. माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहायची. वावर नाही, पोटी लेकरू नाही. नवरा नामदेव आणि ती, दोघं दुसऱ्याच्या रानात राबून खायचे. नामदेवदादा भादव्यात वारला. सकाळी तिरडी उचलली आणि ओढ्यापाशी गेलो तर ओढा दुथडी. उतरेल म्हणून थांबलो. वरून पाऊस चालूच. खताच्या गोण्या उसवून शिवलेलं मेणकापड तिरडीवर धरून चार माणसं उभी राहिली. ती दमली की दुसरी चार. दिवस मावळायला आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. आक्का दिवसभर काठावर बसून होती, एकदा सुद्धा रडली नाही. फक्त मला म्हणाली, "गोदे, जित्तेपणी बी ह्यो माणूस दुसऱ्याच्या दारात उभाच ऱ्हायला बघ."

पुढच्या ग्रामसभेला ती आली, दाराजवळच्या खांबाला टेकून बसली. सगळे विषय संपल्यावर हात वर केला.

"माझी सोय कवा करता?"

ग्रामसेवकाला आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. आता त्यांचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण माणूस तोच. ते म्हणाले, "कसली सोय, आक्का?"

"जाळायची. पावसाळ्यात मेले तर मला कुठून नेता?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "आक्का, तू उन्हाळ्यात मर की."

"तू तारीख काढून दे, तशी मरते," आक्का म्हणाली.

त्यानंतर प्रजासत्ताक दिन असो, महाराष्ट्र दिन असो, झेंडा झाला की सभा आणि सभा संपली की आक्काचा हात. भाऊसाहेब म्हणायचे, प्रस्ताव पाठवला आहे. खरंच पाठवला होता. पिशवीत घालून मीच नेला होता.

आणि एक दिवस मंजुरी आली. स्मशानभूमीला दहनशेड. पत्र्याचं छत, चार खांब, खाली ओटा. रस्ता मागितला होता, शेड आलं. भाऊसाहेब म्हणाले, "मावशी, आधी येतंय ते घेऊ. शेड झालं की शेडाला रस्ता मागता येतो."

इथं माझी चूक सांगते. इंजिनियर साहेबांबरोबर जाऊन पलीकडं फक्कीनं चौकोन आखून आले होते मी. जागा मला पक्की माहीत. आणि पंधरा दिवसांनी गावाच्या फाट्याजवळ, ओढ्याच्या अलीकडं, माणसं खड्डे खणताना दिसली. मी त्यांना विचारलं नाही. त्या वर्षी कुठलं ना कुठलं हेड येऊन कुणी ना कुणी गावात खणतच होतं. म्हटलं असेल एखादं. ऊन लय होतं, म्हणून उलट त्यांना चहा करून नेला. खांब उभे राहिले, पत्रा चढला, आणि एके सकाळी पेंटर येऊन वर 'स्मशानभूमी' लिहून गेला, तेव्हा माझ्या हातातला झाडू खाली पडला.

वाळूचा टिप्पर ओढ्यातून पलीकडं जात नव्हता. म्हणून ठेकेदारानं शेडच अलीकडं आणलं. त्याचं काम झालं, फोटो काढला, बिल निघालं.

समोर शाळा, मागं मारुती. तिथं कोण कुणाला जाळणार? गावानं एकमुखानं नाही म्हटलं. मग ते शेड असंच राहिलं आणि हळूहळू एसटीचा थांबा झालं. सावली चांगली पडते. सुगीत लोक सोयाबीन वाळू घालतात. कंडक्टर बेल मारून विचारतो, "स्मशानभूमीला कोण हाय, पुढं या." आमच्या गावची पोरगी बघायला आलेले पाहुणे एकदा तिथं उतरले, वर वाचलं आणि त्याच गाडीत परत चढले म्हणतात. ते खरं का खोटं, मला माहीत नाही.

आक्का शेडाकडं बघून आली. ओट्यावर बसली, खांबावर हात मारून बघितला. "चांगलं झालंय," म्हणाली. "पण गोदे, म्या हितं जळाया लागले तर लेकरं शाळा सोडून पळतील की."

मी पुन्हा पिशवी घेऊन सेलूला. तिथल्या बाबूनं फाईल काढली आणि फोटो माझ्यापुढं सरकवला.

"तुमच्या गावाला स्मशानभूमी दिलेली आहे."

"साहेब, ती तिथं नाही. ही चुकून अलीकडं बांधली."

"बोर्ड तर आहे."

"बोर्ड हाय, पण तिथं कोणी जळत न्हाई."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "मग वापर का करत नाही? शासन एवढा खर्च करतं आणि तुम्ही वापर करत नाही. तसं लेखी द्या."

काय लेखी द्यावं? आमच्या गावात मरणारे कमी पडतायत म्हणून? मी उठून आले. एसटीत बसून विचार केला तर माझं डोकं पार फिरलं. मुंबईनं पैसा दिला, खोटं नाही. परभणीनं पाठवला, खोटं नाही. सेलूनं मोजून घेतला, शेड उभं आहे, खोटं नाही. कुणाकडं बोट दाखवावं? ठेकेदाराकडं दाखवलं तर तेच बोट वळून माझ्याकडं येत होतं, चहा देणारीकडं.

मग उरला रस्ता. पलीकडं जायचा सरळ मार्ग दत्तरावांच्या बांधावरून. दत्तराव म्हणजे आमच्यातले जुने बागायतदार, माणूस वाईट नाही, पण शब्दाला ताठ. रस्त्याच्या हेडाला अट अशी की ज्याच्या जमिनीतून जाणार त्याची लेखी संमती पाहिजे. मी तीन वर्षं, दर वर्षी एकदा, तो कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले.

पहिल्या वर्षी म्हणाले, "मावशी, चहा घ्या, पण त्यो कागद पिशवीत ठिवा." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "माझ्या वावरातून रोज मढी न्यायची का?"

मी म्हटलं, "रोज कुठं, दत्तराव? एवढी माणसं हायत का गावात?"

"एक गेलं तरी तेच. घरात म्हातारी आई हाय माझी. तिला सांगू का, तुझ्या रानातून स्मशानाची वाट काढली म्हणून?"

तिसऱ्या वर्षी चहा सुद्धा विचारला नाही.

आक्का तोवर वाकली होती. काठी आली. सभेला यायला तिला अर्धा तास लागायचा. हात वर करायची, पण आता कुणी हसत नव्हतं, आणि मला ते हसण्यापेक्षा जड जायचं. एकदा घरी येऊन म्हणाली, "गोदे, तुझी नोकरी किती राहिली?"

"दीड वरीस."

"मंग मला घाई कराया पाहिजे." आणि हसली. मला हसू आलं नाही.

त्या वर्षी मार्च आला. मार्च म्हणजे आमच्या धंद्यातली सुगी. वर्षभर नाही-नाही म्हणणारं सरकार मार्चमध्ये द्या-द्या म्हणतं. आलेला पैसा एकतीस तारखेपर्यंत लागला नाही तर परत जातो, आणि परत गेलेला पुन्हा तुमच्या दारात येईलच असं नाही. भाऊसाहेबांचा फोन दिवसभर वाजायचा. हे हेड खुलं आहे, ते हेड बंद झालं, संध्याकाळपर्यंत प्रस्ताव द्या. त्यांनी माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. "मावशी, शेवटचं एकदा जाऊन बघा दत्तरावांकडं. स्मशान रस्त्याचा फॉर्म वरच आहे."

मी गेले. दत्तराव रानात होते, ज्वारीची काढणी चालली होती. कडेला लिंबाखाली मजुरांच्या बाया भाकरी खात बसल्या होत्या. त्यांत आक्का. काठी बाजूला ठेवून, विळा मांडीजवळ घेऊन. तिच्यानं ज्वारी उपटवत नव्हती, कणसं खुडायला बसवली होती तिला.

"कुठं जायलीस गं उन्हाची?" तिनं विचारलं.

"तुझ्याच कामाला, आक्का."

"मंग भाकरी खाऊन जा. माझं काम काय पळून जायलंय व्हय."

मी नाही थांबले. दत्तरावांपुढं कागद धरला आणि नेहमीचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात करून थांबवलं. कागद वाचला. एकदा खालपर्यंत वाचला, परत वरून वाचला. मग ओढ्याकडं बघितलं, मग लिंबाखाली बघितलं.

"यात ओढ्यावर नळ्या टाकून मोरी बसती का?"

"बसती म्हणत्यात भाऊसाहेब."

"लोड ट्रॅक्टर जाईल?"

"आता ते मला काय माहीत, दत्तराव. बसती एवढं खरं."

त्यांनी खिशातून पेन काढला, ट्रॅक्टरच्या बोनेटवर कागद ठेवला आणि सही केली. मला पाय कुठं पडतोय ते कळेना. आक्काला लांबूनच हात केला आणि पळत ऑफिसात आले.

भाऊसाहेबांनी कागद बघितला आणि डोक्याला हात लावला. "गोदामावशी, हे काय आणलंत?"

"संमती. सही हाय खाली."

"सही हाय. पण ह्यो पाणंद रस्त्याचा फॉर्म हाय. शेतरस्त्याचा. स्मशानाचा ह्यो बघा खाली राहिला."

मी गठ्ठा उलटा धरून नेला होता. दोन्ही फॉर्म सारखेच दिसतात. वरच्या एका ओळीचा काय तो फरक. इतकी वर्षं वाचलेलं सगळं त्या एका ओळीवर आपटलं. आता परत जाऊन 'दत्तराव, ही नाही, दुसरी सही द्या' म्हटलं असतं तर ती मिळणार नव्हती, हे मलाही माहीत होतं आणि भाऊसाहेबांनाही.

त्यांनी कागद टेबलावर सरळ केला. मग म्हणाले, "मावशी, ही पाणंद ओढ्याच्या पलीकडं कुठवर जाती?"

"पलीकडं त्यांचंच वावर हाय थोडं."

"त्याच्या पुढं?"

"गायरान."

"आणि गायरानाच्या टोकाला?"

मी खाली राहिलेला स्मशानाचा फॉर्म उचलून पिशवीत घातला. त्यांनी प्रस्ताव पाणंदीच्या हेडात घातला. त्या हेडात पैसा पडून होता, कारण तालुक्यात बांधावरची भांडणं एवढी की संमती कुणी देईना. आमचीच संमती वेळेत गेली. मी जन्मात एवढी भिऊन कुठली पिशवी सेलूला नेली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला रस्ता झाला. खडी, मुरूम, ओढ्यावर सिमेंटच्या नळ्यांची मोरी. कडेला बोर्ड लावला. मी आक्काला धरून तिथं नेलं आणि वाचून दाखवलं: 'गावठाण ते दत्तराव यांचे शेत, पाणंद रस्ता.'

"आन् माझं काय लिवलंय?"

"तुझं नाही लिहिलं, आक्का."

"नसू दे. मला कुठं वाचता येतंय." काठी टेकत ती मोरीवर गेली, खालून जाणारं पाणी बघितलं, पलीकडच्या काठावर पाय ठेवला आणि परत आली. पुढं जायचं का विचारलं तर म्हणाली, "आज काय काम हाय तिथं?"

तिचं समाधान झालं. माझं मात्र अंथरुणात काटे झाले. हा रस्ता कशाचा आहे हे दत्तरावांना ज्या दिवशी कळेल त्या दिवशी काय? मी वर्षभर त्यांच्या समोर आले नाही. ते फाट्यावर दिसले की मी शाळेच्या मागून जायचे. फसवून घेतलेली सही, असंच माझ्या मनात बसलं होतं. रिटायर झाले, हार घातला, नारळ दिला, त्या दिवशी दत्तराव पहिल्या रांगेत बसले होते आणि माझी नजर नारळावरच होती.

चांगुणाआक्का दुसऱ्या वर्षी श्रावणात गेली. तिनं काही घाई केली नाही, झोपेत गेली. पाऊस चार दिवसांचा लागून होता. तिरडी उचलली, मी पुढं मडकं घेऊन; तिला लेकरू नाही म्हणून मडकं मी धरलं, त्यावरून कुजबुज झाली ती झाली. ओढा भरून चालला होता. आम्ही मोरीवर यायला आणि पलीकडून दत्तरावांचा ट्रॅक्टर मोरीवर चढायला एकच गाठ पडली. मागं ट्रॉली, कडब्यानं भरलेली, वर ताडपत्री. रस्ता एकाच गाडीचा. आम्ही थांबलो. माझ्या मनात आलं, आज सगळं बाहेर येणार, आणि तेही हिच्यासमोर.

दत्तरावांनी आमच्याकडं बघितलं. इंजिन बंद केलं नाही. मान मागं वळवली आणि ट्रॉली मागं घ्यायला लागले. भरलेली ट्रॉली मागं घेणं किती अवघड असतं ते रानातल्या माणसाला विचारा. ती इकडं वळवली की तिकडं जाते. चिखलात चाकं घसरत होती. दोनदा पुढं आले, दोनदा मागं गेले. शेवटी ट्रॉली बांधावरून त्यांच्याच उभ्या कपाशीत घातली. दोन-तीन ओळी पार झोपल्या. मग खाली उतरले, टोपी काढली आणि आमच्या मागून चालायला लागले.

पलीकडं सगळं उरकल्यावर माणसं पांगायला लागली तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, आता लपवून काय करायचं.

"दत्तराव, त्या दिवशी माझ्याकडून दुसराच फॉर्म आला होता. तुमची सही पाणंदीवर झाली."

"मला वाचाया येतंय, मावशी."

"म्हंजे तुमाला ठाऊक होतं?"

"पाणंद माझ्या वावरापलीकडं आणखी कुठं जायची? पलीकडं दुसरं हायच काय?"

"मग तीन वरीस न्हाई का म्हणलात? माझे हेलपाटे—"

"स्मशानाच्या वाटंला सही कशी करू? आईला काय सांगू? पाणंद म्हणलं की सांगता येतं." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "चांगुणामावशी त्या लिंबाखाली बसली होती ना तवा. माझ्या बापाच्या चितेची लाकडं तिनंच वाहिली होती."

सरकारचं हेड मला कळलं नव्हतं, ते एक वेळ ठीक. माणसाचंही असं असेल हे एकोणतीस वर्षांत कुठल्या कागदावर वाचलं नव्हतं. मी त्यांना फसवलं, का त्यांनी मला, का आम्ही दोघांनी मिळून आणखी कुणाला, याचा हिशेब मला अजून लागत नाही.

तिथं हात धुवायला पाणी नव्हतं. त्याचं हेड वेगळं असतं. दत्तराव चिखलातून त्यांच्या विहिरीकडं गेले, मोटार चालू केली आणि पाइपाचं तोंड बांधावर आणून धरलं. आम्ही ओळीनं उभे राहिलो आणि एकेकानं हातपाय धुतले.